नसण्याचा पुरावा

फिलिपिन्समधल्या मनिला महानगराच्या ऑर्टिगास भागात एका कपड्यांच्या कंपनीत मी वेतन विभागात काम करते. मूळची मी साताऱ्याची. यजमानांच्या नोकरीमुळे मनिलाला आले आणि इथेच रुळले. २०२४च्या फेब्रुवारी महिन्याचे पगार तयार करत असताना पॅकिंग विभागातल्या एका बाईंच्या नावापुढे सहा दिवसांची बिनपगारी रजा दिसली. त्यांच्या चार वर्षांच्या मुलीला डेंग्यू झाला होता, हक्काच्या सगळ्या रजा संपल्या होत्या आणि उरलेल्या दिवसांचे पैसे कापण्याचे काम माझ्याकडे आले होते. कपात नोंदवताना संगणकावरच्या रजेच्या यादीत तळाशी एक प्रकार दिसला, ज्याच्यापुढे संपूर्ण कंपनीत एकाही कर्मचाऱ्याचे नाव नव्हते. तो होता ‘सोलो पॅरेंट’, म्हणजे एकल पालकाच्या, रजेचा: वर्षाला कामाचे सात दिवस, भरपगारी, इतर रजांव्यतिरिक्त.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना विचारले. इथे वयाने थोड्या मोठ्या स्त्रीला ‘आते’ म्हणतात. इथल्या तागालोग भाषेत त्याचा अर्थ मोठी बहीण असा आहे, पण मराठी कानाला त्यात आत्याच ऐकू येते, आणि पहिल्या दिवसापासून मला हा शब्द उच्चारताना परकेपणा वाटला नाही. मी म्हणाले, “आते, तुम्ही दोन मुलांना एकट्या वाढवता, मग ही रजा का घेतली नाही?” त्या म्हणाल्या, “मॅम, मी सोलो पॅरेंट नाही पो. माझा नवरा जिवंत आहे, आणि आमचं लग्नही अजून तसंच आहे.” वाक्याच्या शेवटी येणारा तो आदराचा ‘पो’ त्यांनी नेहमीसारखाच उच्चारला, पण चेहऱ्यावर ओशाळलेपण होते. विधवा किंवा कुमारी माता म्हणजेच सोलो पॅरेंट, अशी त्यांची समजूत होती. नवरा सप्टेंबर २०२२मध्ये घर सोडून गेला होता, त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होता आणि नाताळला मुलांना बूट पाठवत होता.

खरे तर ही माहिती त्यांना देणे आमच्या विभागाचे काम होते आणि ते कोणीच केले नव्हते. त्या अपराधी भावनेपोटी मी कायदा वाचायला घेतला. फिलिपिन्सने एकल पालकांसाठीचा कायदा, रिपब्लिक अ‍ॅक्ट ८९७२, नोव्हेंबर २०००मध्ये केला, आणि जून २०२२मध्ये रिपब्लिक अ‍ॅक्ट ११८६१ या दुरुस्तीने त्याची व्याप्ती बरीच वाढवली. जोडीदाराचा मृत्यू, त्याचा तुरुंगवास, त्याचे शारीरिक वा मानसिक असमर्थत्व, विवाह रद्द होणे, अविवाहित पालकत्व, बलात्कारातून आलेले मातृत्व अशा अनेक परिस्थिती त्यात मोजलेल्या आहेत. जोडीदाराने सोडून जाणे आणि प्रत्यक्षात विभक्त राहणे यांचाही त्यात समावेश आहे. पूर्वी त्यासाठी एक वर्ष उलटावे लागे, आता सहा महिने पुरतात. मुलांच्या वयाची मर्यादाही अठरावरून बावीसपर्यंत गेली आहे. आतेंना एकटे पडून दीड वर्ष होत आले होते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्या केव्हाच पात्र झाल्या होत्या. फक्त ते सिद्ध करणारे ओळखपत्र त्यांच्याकडे नव्हते. कंपनीला रजा देण्यासाठी तेच ओळखपत्र लागते. मार्चमध्ये आम्ही दोघींनी ते मिळवायचे ठरवले, आणि पुढचे दोन महिने शनिवारी सकाळी आणि काही वेळा अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून मी त्यांच्याबरोबर फिरले.

पहिली पायरी बारांगायची. बारांगाय म्हणजे इथला सर्वांत लहान प्रशासकीय भाग. शहरातल्या वॉर्डाचा आणि गावच्या ग्रामपंचायतीचा मिळून एक घटक, असे आपल्याकडच्या वाचकाला सांगता येईल. अर्जदार तिथेच राहतो आणि मुले त्याच्याजवळ आहेत, असा दाखला तिथून लागतो. राहण्याचा दाखला दहा मिनिटांत झाला. पण नवरा सोबत राहत नाही, हे लिहायची वेळ आली तेव्हा तिथल्या सदस्याने लेखणी खाली ठेवली आणि त्याला बोलावून घेऊ, समोरासमोर बसवून मिटवू, असे सुचवले. बारांगायमध्ये ‘लुपोन’ नावाचे तंटे मिटवणारे मंडळ असते आणि शेजाऱ्यांच्या भांडणांत त्याचा उपयोग होतो, हे मी पाहिले आहे. पण इथे कोणतेही भांडण मांडलेलेच नव्हते. आते शांतपणे म्हणाल्या, “मी तक्रार घेऊन आलेली नाही. तो नाही, एवढंच लिहून हवं आहे.” दाखला तिसऱ्या खेपेला मिळाला.

त्या एका वाक्याचे मर्म मला पुढे प्रत्येक खिडकीवर कळत गेले. असलेल्या गोष्टीचा पुरावा देणे सोपे असते: पावती असते, सही असते, फोटो असतो. नसलेल्या माणसाचा पुरावा मात्र इतरांच्या तोंडून गोळा करावा लागतो. विधवेजवळ मृत्यूचा दाखला असतो. जिचा नवरा दोन बसच्या अंतरावर राहतो, तिने काय दाखवायचे? आपल्याकडे निराधार योजनेच्या अर्जासाठी तलाठ्यापुढे उभ्या राहणाऱ्या परित्यक्तेचा प्रश्न नेमका हाच असतो, आणि साताऱ्यात लहानपणी शेजारच्या काकूंना त्यासाठी फेऱ्या मारताना मी पाहिले होते. तेव्हा त्याचा अर्थ कळण्याचे वय नव्हते.

दुसरी पायरी होती विवाहाच्या आणि दोन्ही मुलांच्या जन्माच्या दाखल्यांची. ही कागदपत्रे देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाकडून, म्हणजे पीएसएकडून, विशिष्ट सुरक्षा-कागदावर छापून घ्यावी लागतात. क्वेझॉन सिटीतल्या ईस्ट अव्हेन्यूवरच्या कार्यालयासाठी आधी ऑनलाइन वेळ घेतली. जन्माच्या आणि विवाहाच्या दाखल्याला प्रत्येकी १५५ पेसो लागले आणि काम त्याच दिवशी झाले. अडचण दाखल्याच्या आतच निघाली. थोरला मुलगा अकरा वर्षांचा. पहिले बाळंतपण म्हणून आते माहेरी, इलोइलोला, गेल्या होत्या, आणि तिथे नोंद करणाऱ्याने त्यांच्या माहेरच्या आडनावात एक अक्षर चुकवले होते.

इथे नावांच्या रचनेविषयी दोन शब्द सांगणे गरजेचे आहे. मराठी माणसाच्या नावात मधले नाव वडिलांचे असते. फिलिपिनो मुलाच्या नावात मधले नाव आईच्या माहेरचे आडनाव असते आणि शेवटी वडिलांचे आडनाव येते. म्हणून आईच्या आडनावातले एक चुकलेले अक्षर मुलाच्या नावातही उतरते, आणि कागदावर तो मुलगा दुसऱ्याच कोणा बाईचा ठरू शकतो. योगायोग असा, की आम्ही त्या रांगेत उभ्या होतो त्याच मार्च महिन्यात महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव लावण्याचा निर्णय घेतला होता. आतेंना ते सांगितले तेव्हा त्यांना नवल वाटले ते, आतापर्यंत आईचे नाव नसायचे, याचे.

अशी लेखनिकाची चूक दुरुस्त करण्यासाठी पूर्वी न्यायालयात जावे लागे. २००१च्या रिपब्लिक अ‍ॅक्ट ९०४८मुळे आता स्थानिक नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज करून ते होते. शुल्क १,००० पेसो आहे, आणि अर्ज दुसऱ्या गावच्या नोंदणी कार्यालयाकडे पाठवायचा असल्यामुळे वर ५०० पेसो लागले. दुरुस्तीला काही महिने लागणार होते. तोवर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज पुढे नेता येईल, असे आम्हाला सांगण्यात आले. ज्यांच्यापाशी अशीच चूक असेल त्यांनी ओळखपत्राचा अर्ज थांबवून ठेवू नये, हे मी अनुभवाने सांगते.

तिसरी पायरी साक्षीदारांची होती. विभक्त राहत असल्याचा न्यायालयाचा निर्णय हाती नसेल, तर या प्रकरणात हितसंबंध नसलेल्या दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे लागतात. मी चालणार नव्हते; नवरा गेला तेव्हा मी आतेंना ओळखतही नव्हते. पहिल्या साक्षीदार झाल्या गल्लीच्या तोंडाशी सारी-सारी दुकान, म्हणजे घराच्या खिडकीतून चालणारे किराणा दुकान, चालवणाऱ्या वृद्ध बाई. त्यांनी सांगितलेली हकीकत मी विसरू शकत नाही. नवरा घरात होता तोवर रोज संध्याकाळी दोन सुट्या सिगारेटी त्या घरात जात; अमुक दिवसापासून त्या जाणे थांबले आणि आतेंची उधारी सुरू झाली. दुसरे साक्षीदार ट्रायसिकलचालक, म्हणजे इथले रिक्षावाले, होते. त्या पहाटे बॅगा घेऊन त्याला स्थानकावर त्यांनीच सोडले होते. नसलेल्या माणसाचा पुरावा अखेर वहीतल्या उधारीत आणि एका भाड्याच्या आठवणीत सापडला.

प्रतिज्ञापत्रांसाठी आम्ही सरकारी वकील कार्यालयात गेलो. फिर्यादी पक्षाचे सरकारी वकील वेगळे. हे ‘पब्लिक अ‍ॅटर्नीज ऑफिस’, ज्याला सगळे ‘पाओ’ म्हणतात, ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी मोफत काम करते. पगाराची पावती आणि बारांगायचा निर्धनतेचा दाखला पाहून त्यांनी आतेंना पात्र ठरवले. सकाळी सातला रांगेत उभ्या राहिलो तेव्हा पुढे तीसेक माणसे होती. साडेदहाला नंबर लागला. इथे वकिलाला ‘अ‍ॅटर्नी’ अशीच हाक मारतात. समोरच्या तरुण अ‍ॅटर्नीबाईंनी तिन्ही प्रतिज्ञापत्रे लिहून घेतली, एक आतेंचे आणि दोन साक्षीदारांची. आतेंच्या प्रतिज्ञापत्रात, त्या अन्य कोणाही पुरुषासोबत राहत नाहीत, असे एक वाक्य होते. ते वाचून दाखवले जात असताना आते खाली पाहत होत्या. ती अट का आहे हे मला समजते, कारण पालकत्वाची जबाबदारी एकट्यावर राहिली नाही तर हक्क संपतो, असे कायदा म्हणतो. तरीही सोडून गेलेल्याला एकही प्रश्न विचारला जात नाही आणि मागे राहिलेलीने शपथेवर सांगायचे, हे मला त्या क्षणी सहन झाले नाही, आणि आजही होत नाही.

सह्या झाल्यावर अ‍ॅटर्नींनी आपणहून विचारले, “मुलांच्या खर्चाचं काय?” आतेंनी नाताळच्या बुटांची गोष्ट सांगितली, कधीतरी मोबाइलवर येणाऱ्या हजार-दोन हजार पेसोंचीही सांगितली, आणि भीतभीत विचारले, की हे पैसे घेतल्यामुळे ओळखपत्र नाकारतील का. उत्तर २०२२च्या कायद्यातच होते. अनुपस्थित पालकाने अधूनमधून केलेली मदत किंवा सणासुदीला दिलेल्या भेटी, जर कुटुंब संहितेतल्या निर्वाहाच्या कर्तव्याइतक्या होत नसतील, तर त्यामुळे एकल पालकाचा दर्जा जात नाही. दीड वर्ष आते ते पैसे कोणाला न सांगता, जणू काही गैर करत असल्यासारख्या स्वीकारत होत्या.

मग अ‍ॅटर्नींनी सांगितलेली गोष्ट आम्हा दोघींनाही नवी होती, आणि या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची मी तीच मानते. १९८७च्या कुटुंब संहितेनुसार निर्वाहात अन्न, निवारा, कपडे, औषधोपचार, शिक्षण आणि प्रवास हे सगळे येते. रक्कम देणाऱ्याच्या ऐपतीवर आणि घेणाऱ्याच्या गरजेवर ठरते. गरज सुरू होते त्या दिवसापासून हा हक्क असतो; परंतु प्रत्यक्ष देणे मात्र मागणी केल्याच्या तारखेपासूनच लागू होते. ती मागणी न्यायालयात केलेली असो वा साध्या पत्राने. म्हणजे न मागता गेलेले अठरा महिने परत मिळणार नव्हते. “आज पत्र पाठवलं, तर आजपासून मोजता येईल,” असे त्या म्हणाल्या. घरखर्चासाठी पैसे न देणे हा २००४च्या महिला व बालकांवरील हिंसाविरोधी कायद्याखाली गुन्हाही ठरू शकतो, पण नुसते न देणे त्यासाठी पुरत नाही, त्यामागचा हेतू सिद्ध व्हावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून त्यांनी फौजदारी मार्गाचा आग्रह धरला नाही. मारहाण वा धमकी असती तर सल्ला वेगळा असता. त्या कायद्याखाली बारांगायकडून पंधरा दिवसांचा संरक्षण आदेश मिळतो, आणि न्यायालय नवऱ्याच्या मालकाला पगारातला हिस्सा परस्पर बायकोकडे पाठवायला लावू शकते.

आतेंनी त्या दिवशी पत्र पाठवले नाही. विचार करते म्हणाल्या.

ओळखपत्राचा अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नगरपालिकेच्या सोलो पॅरेंट कक्षात दिला. तिथल्या समाजसेविकेने आतेंची मुलाखत घेतली: घरात किती माणसे, मुलांना कामाच्या वेळी कोण सांभाळते, आजारपणात कोणाला बोलावता. ही मुलाखत म्हणजे उलटतपासणी असेल अशी मला धास्ती होती. तसे काहीच झाले नाही. मुलांना कोण सांभाळते या प्रश्नावर आते “थोरला” म्हणाल्या आणि बराच वेळ गप्प राहिल्या. समाजसेविकेने लेखणी न उचलता तो वेळ जाऊ दिला. एप्रिलचा तिसरा शनिवार इथे राष्ट्रीय एकल पालक दिन म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यात कक्षाबाहेर इतकी गर्दी होती की जिन्यावर बसावे लागले, आणि त्या गर्दीत काखेत बाळ घेतलेले तीन-चार पुरुषही होते. ओळखपत्र आणि सोबतची खरेदी-पुस्तिका महिनाअखेरीस हाती आली.

त्याने काय मिळाले ते नेमके सांगते, कारण याबाबत अपेक्षा आणि वस्तुस्थिती यांत अंतर असते. दरमहा १,००० पेसोंचे जे अनुदान कायद्यात आहे, ते किमान वेतन किंवा त्याहून कमी कमावणाऱ्यांसाठी आहे. त्या वेळी मेट्रो मनिलात किमान वेतन दिवसाला ६१० पेसो होते. आतेंचा पगार महिन्याला १९,००० पेसो, म्हणजे त्या रेषेच्या वर, म्हणून अनुदान मिळाले नाही. वर्षाला २,५०,००० पेसोंपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना सहा वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दूध, बाळाचा आहार, डायपर, औषधे आणि लशी यांवर १० टक्के सवलत आणि मूल्यवर्धित करातून सूट मिळते. ती त्यांना धाकटीसाठी लागू झाली. १,१२० पेसोंच्या दुधाच्या डब्यातून आधी १२ टक्के कर वजा होऊन १,००० राहतात आणि त्यावर सवलत जाऊन ९०० द्यावे लागतात. पहिल्या खेपेला औषधाच्या दुकानातल्या मुलीने केवळ १० टक्के वजा केले. आतेंनी पुस्तिका उघडून कराचेही वजा करायला लावले. त्यांना अशा स्वरात बोलताना मी प्रथमच ऐकले. आरोग्य विम्याच्या हप्त्यातला कर्मचाऱ्याचा वाटा सरकारने उचलण्याची तरतूदही आहे, आणि कामाच्या वेळा सोयीने मागण्याचा हक्कही. मात्र सर्वांत आधी कामी आली ती सात दिवसांची रजा. त्यासाठी नोकरीत सहा महिने पूर्ण झालेले असावे लागतात आणि न वापरलेले दिवस पुढच्या वर्षात जात नाहीत, हे अर्जदारांनी लक्षात ठेवावे.

ओळखपत्रामुळे लग्न मात्र संपत नाही. मुस्लिम व्यक्तिगत कायद्याचा अपवाद सोडला, तर फिलिपिन्समध्ये घटस्फोट नाही. विवाह मुळातच निरर्थक होता असे न्यायालयाकडून ठरवून घेता येते, पण तो खर्च आणि ती वर्षे पॅकिंग विभागातल्या पगाराला झेपणारी नाहीत. २२ मे २०२४ रोजी प्रतिनिधीगृहाने घटस्फोटाचे विधेयक मंजूर केले तेव्हा कारखान्यात दिवसभर तीच चर्चा होती. आतेंनी त्यात भाग घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला विचारले, “मॅम, अ‍ॅटर्नींकडे पुन्हा जायला अर्धा दिवस मिळेल का पो?” ते विधेयक पुढे सिनेटमध्ये अडकले आणि त्या संसदेची मुदत संपेपर्यंत मंजूर झाले नाही, पण आतेंचे पत्र त्याच आठवड्यात रजिस्टर पोस्टाने गेले.

दोन आठवड्यांनी पोचपावती परत आली. तिच्यावर त्याची सही होती, तारखेसह. जो माणूस नाही हे सांगायला दुकानदार बाई, ट्रायसिकलचालक, बारांगाय आणि समाजसेविका एवढे सगळे लागले होते, त्याच्या हातची निळ्या शाईतली सही. आतेंनी ती पावती ओळखपत्राच्या मागे प्लास्टिकच्या पाकिटात घातली.

चार महिने त्याने ३,००० पेसो पाठवले, मग खंड पडू लागला. पाओने कुटुंब न्यायालयात निर्वाहाचा दावा दाखल केला. ओळखपत्राची मुदत एका वर्षाची असल्यामुळे एप्रिल २०२५मध्ये बारांगायचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र पुन्हा करावे लागले. समाजसेविकेने आलेल्या पैशांबद्दल विचारले तेव्हा आतेंनी मोबाइलवरच्या सगळ्या नोंदी, आलेल्या आणि न आलेल्या महिन्यांसकट, तिच्यापुढे ठेवल्या. नूतनीकरण झाले. बारांगायचा दाखला यावेळी पहिल्याच खेपेला मिळाला, कारण आतेंनी मागच्या वर्षीची प्रत सोबत नेली होती. मुलाच्या दाखल्यातले अक्षरही तोवर दुरुस्त होऊन आले होते.

आता आमच्या कंपनीत त्या रजेच्या यादीत अकरा नावे आहेत. आतेंनी नव्या वर्षातला पहिला दिवस जूनमध्ये मागितला. अर्जातल्या कारणाच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले होते: मुलांच्या निर्वाहखर्चाची सुनावणी. मी तो दिवस भरपगारी म्हणून नोंदवला.